स्वस्तात रेसिंग इंजिन: क्रँकशाफ्ट कास्ट घ्यावा की फोर्ज्ड?
कमी बजेटमध्ये रेसिंग इंजिन बांधणाऱ्या अमेरिकनांचा ठरलेला फॉर्म्युला म्हणजे शेव्हर्लेचं '३८३'. ३५० क्युबिक इंचाच्या ब्लॉकचे सिलिंडर ०.०३० इंचांनी वाढवायचे आणि ३.४८ऐवजी ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसवायचा. टर्बो किंवा नायट्रस लावणार असाल तर फोर्ज्डच घ्या. तिथे क्रँक तुटला, तर ब्लॉकसकट सगळंच भंगारात जाऊ शकतं.

यातलं काही नसेल आणि आरपीएमही बेताचा असेल, तर चांगला कास्ट क्रँक पुरतो. फोर्ज्डच्या नावावर उडणारे पैसे बॅलन्सिंगवर खर्च केलेले बरे. जुना क्रँक मात्र तड्यांची मॅग्नेटिक तपासणी केल्याशिवाय घेऊच नये, विकणारा कितीही ओळखीचा असो. ब्लॉकचं वर्षही पाहा: १९८६पासून मागचं ऑइल सील बदललं, त्यामुळे आधीचा क्रँक नंतरच्या ब्लॉकमध्ये थेट बसत नाही.