स्वयंनिर्णय: पण ‘स्वयं’ कोण?

नावाच्या शेवटी ‘डॉट आयओ’ असलेली एखादी वेबसाइट तुम्ही नक्की उघडली असेल. तुमच्यापैकी काहींनी तिथे रंगीत ठिपक्यांनी एकमेकांना गिळायचे खेळ तासन् तास खेळले असतील. आम्हा आयटीवाल्यांचं तर रोजचं काम अशा पत्त्यांवर चालतं. ‘आयओ’ म्हणजे इनपुट-आउटपुट, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवून टाकलं होतं. पण डॉट इन म्हणजे भारत, डॉट यूके म्हणजे ब्रिटन, तसं डॉट आयओ हेसुद्धा एका प्रदेशाचं चिन्ह आहे: ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश. त्याचं जुनं नाव चागोस. आणि तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांना पन्नासेक वर्षांपूर्वी बोटीत घालून बाहेर काढलं गेलं.

‘स्वयंनिर्णयाचा हक्क’ हा शब्द मी मराठी शाळेत पाठ केला होता. लोकांनी आपलं राज्य, आपला कारभार कसा असावा हे स्वतः ठरवायचं, दुसऱ्याने ठरवायचं नाही, एवढा त्याचा साधा अर्थ. परीक्षेत तो लिहून मार्क मिळाले, विषय संपला. चागोसची गोष्ट वाचल्यावर कळलं की त्या शब्दातला अवघड भाग ‘निर्णय’ नाही, ‘स्वयं’ आहे.

चागोस म्हणजे हिंदी महासागराच्या मधोमध विखुरलेली साठाहून जास्त लहान बेटं. मॉरिशसपासून ती दोन हजार किलोमीटरहून लांब आहेत, पण आधी फ्रेंच आणि मग इंग्रज राजवटीत कारभार चालायचा तो मॉरिशसमधूनच. मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे आणि काही भारतीय मजुरांचे वंशज तिथे नारळाच्या बागांत राबायचे. (मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज असेच मजुरीसाठी, ते कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले. तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवतात. म्हणजे हा देश आपल्याला अगदीच परका नाही.)

१९६५ मध्ये मॉरिशसचे नेते लंडनला स्वातंत्र्याची बोलणी करायला गेले. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि त्यासाठी चागोसमधलं दिएगो गार्सिया हे बेट नजरेत भरलं होतं. ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन मॉरिशसच्या शिवसागर रामगुलाम यांना भेटले. त्या भेटीआधी विल्सन यांच्या हाती एक टिपण दिलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की पाहुण्यांना आशाही दाखवा आणि भीतीही: आशा स्वातंत्र्य मिळण्याची, भीती ते न मिळण्याची. रामगुलाम यांनी बेटं तोडायला होकार दिला. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस वेगळं काढलं गेलं, बदल्यात तीस लाख पौंड ठरले आणि १२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला. बळी तो कान पिळी, दुसरं काय.

आता विचार करा, अशा देशाने पुढे काय करावं? लोकसंख्या बारा-तेरा लाख. स्वतःचं सैन्यच नाही. समोर ब्रिटन, त्याच्या मागे अमेरिका. मॉरिशसने जे केलं ते मला मनापासून आवडतं. त्याने कायद्याची पुस्तकं उघडली आणि वाट बघत बसायची तयारी ठेवली.

यातला एक किस्सा तर आमच्या धंद्यातला वाटावा असा आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ब्रिटनवर दावा लावता येत नव्हता, कारण राष्ट्रकुलातल्या सदस्य देशांचे खटले आम्ही तिथे मान्य करणार नाही, असं ब्रिटनने आधीच लिहून ठेवलं होतं. २००४ मध्ये मॉरिशस म्हणाला, मग आम्ही राष्ट्रकुलातून बाहेरच पडतो. ब्रिटनने लगेच आपल्या अटीत दुरुस्ती केली: राष्ट्रकुलाचे सध्याचे सदस्य आणि माजी सदस्यसुद्धा! सॉफ्टवेअरमध्ये कोणाला भोक सापडावं आणि कंपनीने घाईघाईने ठिगळ लावावं, तसंच.

मग मॉरिशसने दुसरी वाट शोधली. संयुक्त राष्ट्रांची आमसभा न्यायालयाकडे सल्ला मागू शकते आणि त्यासाठी ब्रिटनची परवानगी लागत नाही. २०१७ मध्ये ९४ देशांनी त्या बाजूने मत दिलं. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयाचं मत आलं: मॉरिशसचं स्वातंत्र्य कायदेशीरपणे पूर्ण झालेलंच नाही, कारण १९६५ चा होकार लोकांच्या खऱ्या, मोकळ्या इच्छेतून आलेला नव्हता. ब्रिटनने चागोसवरचा कारभार लवकरात लवकर संपवावा. तेरा न्यायाधीश एका बाजूला, एक विरुद्ध. २२ मे २०१९ ला आमसभेत मतदान झालं: ११६ देश मॉरिशसच्या बाजूने, सहा विरोधात. भारत बाजूने होता. अमेरिका, ब्रिटन आणि इस्रायल, म्हणजे हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी बरेच जण राहतात ते देश, त्या सहांमध्ये होते. हा सल्ला बंधनकारक नव्हता आणि ब्रिटन काही जागचा हलला नाही. पण जगासमोर तो एकटा पडला, एवढं मात्र झालं.

लहान देशाकडे हाच एक शब्द असतो: नियम. त्यामुळे तो नियम त्याला सगळीकडे एकसारखा लावावा लागतो. मार्च २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आमसभेत आला तेव्हा १४१ देशांनी बाजूने मत दिलं आणि त्यात मॉरिशसही होता. भारत तटस्थ राहिला. मोठ्या देशाला तटस्थ राहणं परवडतं, त्याची बाजारपेठ आणि सैन्य त्याच्यासाठी बोलतं. बळाने सीमा बदलायची नाही, असं मॉरिशस युक्रेनबद्दल म्हणाला नाही तर चागोसबद्दल कोणत्या तोंडाने म्हणणार? गंमत म्हणजे त्या दिवशी ब्रिटन आणि अमेरिका त्याच्याच रांगेत होते. त्यांना चागोस आठवलं असेल का, कोण जाणे.

इथपर्यंत मी पूर्ण मॉरिशसच्या बाजूने आहे. इथून पुढे थोडा अडखळतो.

१९६७ ते १९७३ या काळात चागोसवरची दीड-दोन हजार माणसं हळूहळू हलवली गेली. काही जण मॉरिशसला उपचारासाठी किंवा भेटीला गेले होते, त्यांना परतीची बोटच मिळाली नाही. उरलेल्यांची पाळीव कुत्री धूर कोंडून मारली. हेगमध्ये २०१८ साली लिझबी एलिझे या वयस्कर बाईंची साक्ष व्हिडिओवर दाखवली गेली. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्या आपल्या क्रिओल भाषेत बोलल्या. जनावरांना भरतात तसं आम्हाला बोटीत भरलं, असं त्यांनी सांगितलं. त्या तेव्हा गरोदर होत्या. मूल वाचलं नाही. न्यायालयात वकिलांची शेकडो पानं होती, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या या बाई.

ही माणसं मॉरिशसमध्ये उतरली तेव्हा तिथे त्यांचं स्वागत झालं का? फारसं नाही. पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत ती राहिली, खोबऱ्याचं काम करणाऱ्या हातांना शहरात काम मिळेना. त्यांच्यासाठी ब्रिटनने मॉरिशस सरकारला दिलेले साडेसहा लाख पौंड लोकांपर्यंत पोचायला १९७७-७८ उजाडलं. पुढे २००२ च्या कायद्याने अनेकांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं आणि बरेच जण लंडनजवळ, गॅटविक विमानतळाच्या बाजूच्या क्रॉली गावात राहायला गेले. तुम्ही ब्रिटनमध्ये असाल तर कदाचित त्यांच्या मुलांच्या वर्गात असाल.

या लोकांचं एकमत नाही. ऑलिव्हिए बँकू यांच्यासारखे नेते, ज्यांनी ब्रिटिश न्यायालयांत वर्षानुवर्षं झगडा केला, ते मॉरिशसच्या सोबत आहेत. क्रॉलीतले अनेक जण म्हणतात, आमचा देश मॉरिशस नाही, चागोस आहे. आणि इथे मॉरिशसने काय करावं? २०२१ मध्ये त्याने कायदा केला: देशाच्या कोणत्याही भागावरच्या सार्वभौमत्वाबद्दल चुकीची मांडणी करणं हा गुन्हा, शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद. कायद्याचा रोख ब्रिटनकडे असेल, मान्य. पण ‘आम्ही मॉरिशसचे नाही’ म्हणणाऱ्या चागोसच्या माणसाने तो वाचला तर त्याला काय वाटेल?

२२ मे २०२५ ला, त्या मतदानानंतर बरोबर सहा वर्षांनी, ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. मॉरिशसकडून सही करणारे पंतप्रधान होते नवीन रामगुलाम, शिवसागर रामगुलाम यांचे चिरंजीव. चागोस मॉरिशसचं, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं भाड्याने ब्रिटनकडे. त्याच पहाटे लंडनच्या न्यायालयाने हा करार थोडा वेळ अडवून धरला होता. अर्ज केला होता दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांनी. म्हणणं एवढंच, की आम्हाला कोणी विचारलं नाही. दुपारी मनाई उठली आणि सह्या झाल्या.

मॉरिशसची बाजू घेणारे म्हणतात, वाटाघाटी देशांमध्ये होतात, दीड-दोन हजार माणसांच्या वंशजांना टेबलावर बसवलं तर काहीच ठरणार नाही. शिवाय दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर वस्ती करायची मुभा करारात आहे, चागोसच्या लोकांसाठी चार कोटी पौंडांचा निधी आहे. हे खरं आहे आणि थोडंथोडकं नाही. तरी मला ते पटत नाही. १९६५ मध्ये लंडनने मॉरिशसबद्दल हेच म्हटलं होतं: एवढासा देश, त्याला किती विचारायचं? नेत्यांचा होकार म्हणजे लोकांचा होकार नव्हे, हे हेगच्या न्यायाधीशांकडून वदवून घेणारा देश मॉरिशसच होता. मग चागोसच्या लोकांची साधी मतमोजणी तरी घ्यायची होती. निकाल मॉरिशसच्या बाजूनेही लागला असता कदाचित.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या कराराची पहिली घोषणा झाली तेव्हा आमच्या टीमच्या ग्रुपवर धडाधड मेसेज आले. ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशच संपला तर डॉट आयओचं काय होणार? आपल्या वेबसाइटचे पत्ते बदलावे लागतील का? खर्च किती येईल? दिवसभर तीच चर्चा चालली होती. तिथली माणसं परत जातील का, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.