दुसरा इको

कसाऱ्याला लोकलची हद्द संपते. पुढे घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ. म्हणून इगतपुरीकडे चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. (बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला हा शब्द अंमळ जास्तच आवडतो!)

हृदयविकाराच्या झटक्यानंतर असाच चढ हृदयापुढे उभा राहतो, पण मदतीला जादा इंजिन नसते. रक्त अडलेला स्नायू काही तासांत मरतो, पुढच्या काही आठवड्यांत तेथे घट्ट व्रण धरतो. व्रण आकुंचन पावत नाही. त्याचा भार शेजारच्या धडधाकट स्नायूवर पडतो. हृदयाचे तंतू सुंभाच्या दोरीसारखे पिळात गुंफलेले असतात. ओला पंचा पिळावा तसे ते रक्त बाहेर काढतात. भार सोसता सोसता डावा कप्पा पसरतो, लांबटाचा गोलसर होतो आणि पीळ सैल पडतो. छातीत मात्र दुखत नसते.

हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. आजचा इको त्याचाच वारस. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम टोचले, की व्रण पांढरा आणि जिवंत स्नायू काळा दिसतो.

पण एका चित्रावर भागत नाही. झटक्यानंतर काही स्नायू नुसता गारठलेला असतो, तो पुढे जागा होतो. उलट काहींचे हृदय घरी गेल्यावर पसरत जाते. निरोगी हृदय दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर टाकते. हा आकडा उपचारानंतरही ३५ च्या वर गेला नाही, तर अचानक मृत्यू टाळणारे यंत्र बसवण्याचा विचार करावा लागतो. हे कळते दीड ते तीन महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या इकोत. हृदयाचे पसरणे रोखणारी औषधे आहेत. कॅप्टोप्रिलने मृत्यू कमी होतात, हे १९९२ मध्येच सिद्ध झाले. बँकही एका दिवसाची शिल्लक पाहून कर्ज देत नाही, सहा महिन्यांचा उतारा मागते.

अँजिओप्लास्टीला महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. पण दुसऱ्या इकोसाठी पाड्यावरून कसारा, तेथून लोकलने कल्याण किंवा ठाणे, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. दुखत नाही, मग जायचे कशाला, असे घरातल्यांना वाटले तर त्यांना दोष कसा द्यावा?

आता इकोचे यंत्र पिशवीत मावते. ते जाणत्या हातांसह ठरलेल्या वारी शहापूर, मुरबाड, कसाऱ्याला यावे. आणि घरी सोडताना रुग्णाच्या कागदावर गोळ्यांच्या नावांवरती, ठळक अक्षरांत, दुसऱ्या इकोची तारीख लिहून द्यावी.