फडावरच्या बाईचा दवाखाना कोणता?

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचले. या प्रकरणी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक! नागरिकहो, एवढ्या आकड्यानंतरही हा आपण त्या बायकांचा खासगी आजार मानायचा का?

१. दुखण्याची सुरुवात जागेपासून होते. बालाघाटाच्या कोरडवाहू गावांत दिवाळीनंतर काम उरत नाही, म्हणून कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. तिथे उसाच्या फडाशेजारी कोपी, म्हणजे झोपडी. न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीच्या दिवसांतही पहाटेच्या अंधारात तोडणीला उभे राहायचे आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. अशाने अंगावरून जाते, ओटीपोट दुखते. वेळेवर औषध मिळाले तर यातले बरेचसे बरे होणारे आहे. ते मिळत नाही, आणि तिथूनच बाई शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे ढकलली जाते.

२. औषधाला वेळ का मिळत नाही? कारण नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या अंगावर. एक दिवस चुकला की खाडा. मजुरी तर बुडतेच, वर दंड. पाळीची कटकट कायमची गेली तर खाडे टळतील, हा हिशेब त्या बाईने हौसेने मांडलेला नाही. तो मजुरीच्या रीतीने तिच्यावर लादला आहे.

३. सरकारी दवाखाना वस्तीच्या गणतीवर बसवलेला आहे: सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. अर्धे वर्ष परमुलखात काढणारी बाई गावच्या आशाताईच्या वहीत असते, गावात नसते. कारखान्याच्या परिसरात असते, तिथल्या वहीत नसते. तिच्या गरोदरपणाची नोंद कोणी ठेवायची?

४. खासगी रुग्णालयात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी, हा बीडमधला नियम योग्यच आहे. पण तो शेवटच्या पायरीवर अडवतो. आधीच्या पायऱ्या तशाच आहेत. ‘मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत’ हे कारखान्यांनी सांगणे आता पुरे. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले आहे; त्यातला पैसा फडावरच्या पाण्याला, शौचालयाला, फिरत्या दवाखान्याला लागला पाहिजे. आणि ज्या कारखान्याने ही सोय केलेली नाही, त्याला साखर आयुक्तांनी गाळप परवाना देऊ नये.