वाळलेल्या झाडाचे मोल

वृक्षारोपणाचे आकडे आपण दरवर्षी अभिमानाने मोजतो. उभ्याने वाळलेल्या झाडांची गणती मात्र कोणी ठेवीत नाही. आम्हांला ही गणती अधिक महत्त्वाची वाटते.

सह्याद्रीच्या दाट रानांत पांढऱ्या पोटाचा काळा सुतार आढळतो. आकाराने डोमकावळ्याएवढा, नराच्या माथ्यावर लालभडक तुरा. जुन्या, जाड, वाळलेल्या खोडात तो ढोली कोरतो. अशाच खोडांतल्या मुंग्यांवर आणि भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर त्याची गुजराण चालते. त्याने सोडलेल्या ढोलीत, स्वतः लाकूड कोरू न शकणारे जीव संसार थाटतात.

भारतापासून फिलिपिन्सपर्यंत आढळणाऱ्या या जातीला जागतिक यादीत फारशी चिंता नसलेल्या जातींत गणले आहे. तेवढ्याने निर्धास्त होणे आम्हांला मान्य नाही. जपानच्या त्सुशिमा बेटावरून हाच पक्षी विसाव्या शतकात नाहीसा झाला. एका प्रदेशाचे रान मुके झाले, तरी जगाच्या यादीत त्याची नोंद दिसेलच असे नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याच्या शिकारीला बंदी आहे. त्याचे झाड मात्र खासगी रानांत सरपण म्हणून तुटत राहते. सरपणाची गरज आम्ही नाकारीत नाही. पण प्रत्येक रानात थोडी जाड वाळकी खोडे राखणे अशक्य नाही. देवराईत पडलेली फांदीही न उचलण्याचा रिवाज ज्या गावांनी पाळला, त्यांना हे नव्याने शिकवावे लागणार नाही.