ज्याची गोळी, त्याची साक्ष

डिसेंबरची १ तारीख जवळ आली की एक आक्षेप हमखास कानावर पडतो. जागतिक एड्स दिनाच्या कार्यक्रमात विशी-बाविशीतली एखादी मुलगी उभी राहते. आपण जन्मापासून एचआयव्हीसह जगतो आहोत, आई कधी गेली, आजीने कसे वाढवले, गोळ्यांसाठी पहाटेची कोणती एसटी पकडावी लागते, हे ती सांगते. सभागृह गहिवरते. आणि जिना उतरताना चांगली, शिकलीसवरली माणसे एकमेकांना म्हणतात, ‘‘कशाला पोरांना असं चव्हाट्यावर आणायचं? औषधांचं बघायला सरकार आहे, डॉक्टर आहेत. ज्याचं दुःख त्यानं घरात ठेवावं.’’

हा आक्षेप दुष्टांचा असता तर दखल घेण्याचे कारण नव्हते. तो आपल्याच माणसांचा आहे आणि त्यात थोडी काळजीही मिसळलेली आहे. म्हणून शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष पुरता मांडतो, मग उत्तराकडे वळतो.

पूर्वपक्ष असा. औषधांचे धोरण विज्ञानाने आणि आकडेवारीने ठरावे, डोळ्यांतल्या पाण्याने नव्हे. दुसरे, एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रात आता मोफत मिळतात, तेव्हा मोहिमेला कारणच उरलेले नाही. तिसरे, अशा कथनाने दया मिळते आणि मान जातो. चौथे, तरुण वयात बोलून गेलेला शब्द परत घेता येत नाही. लग्न, नोकरी, भाड्याची खोली, सगळीकडे तो आडवा येतो.

पहिला मुद्दा आकड्यांचा. आकड्यांशी माझे भांडण नाही. देशात सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगतात आणि त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे, हे आकड्यांमुळेच कळते. पण आकडा कुठे उभे राहून मोजला, हेही पाहावे लागते. जुलै २०२२ मध्ये एचआयव्हीसह जगणारी माणसे दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात ठिय्या देऊन बसली आणि महिनाभराहून अधिक काळ उठली नाहीत. सरकारच्या एचआयव्ही उपचार केंद्रांवर, म्हणजे एआरटी केंद्रांवर, डोलुटेग्राविरसारख्या गोळ्या मिळत नाहीत, महिन्याऐवजी मोजक्याच दिवसांच्या हातावर ठेवल्या जातात, ही त्यांची तक्रार होती. देशपातळीवर साठा पुरेसा आहे, हे सरकारचे म्हणणे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गोदामात पोती भरलेली असतात आणि गावच्या रेशन दुकानात धान्य नसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मात्र एचआयव्हीची गोळी रोज, न चुकता, आयुष्यभर घ्यायची असते. खंड पडला की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि पुढे त्याच औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. ज्याच्या डबीत उद्याची गोळी नाही, त्याला देशाची सरासरी वाचवत नाही. तो डबी उघडून दाखवतो तेव्हा भावनेचे प्रदर्शन करत नसतो. गोदामाच्या वहीत न उतरलेली नोंद तो आणून देत असतो.

राहिले विज्ञान. विज्ञानाची बाजू घेऊन कोण लढले, हे दक्षिण आफ्रिकेत पाहावे. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो या सिद्ध गोष्टीवरच शंका घेत होते. आईकडून बाळाला होणारी लागण नेविरापिन या साध्या औषधाने बरीच टळते. कंपनीने ते पाच वर्षे फुकट देऊ केले होते, तरी सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोन केंद्रांपुरते अडवून ठेवले. त्या सरकारला कोर्टात खेचले ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या संघटनेने. ती १० डिसेंबर १९९८ रोजी केप टाउनमध्ये सुरू झाली होती आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतले तरुण स्वयंसेवक, त्यांत बऱ्याच मुली, हे तिचे बळ होते. त्यांनी औषधांची नावे, त्यांचे काम, त्यांचे त्रास पाठ केले आणि दवाखान्यांच्या रांगांमध्ये जाऊन ते लोकांना समजावून सांगितले. कोर्टापुढे तज्ज्ञांच्या अहवालांसोबत एचआयव्हीसह जगणाऱ्या आयांची प्रतिज्ञापत्रेही होती. ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने ते औषध सर्वत्र खुले करण्याचा आदेश दिला. म्बेकींच्या काळातल्या दिरंगाईने ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी काढला. तिथे सत्ता विज्ञानाकडे पाठ करून उभी होती, आणि भोगणाऱ्यांनीच विज्ञानाचा हात धरला होता.

दुसरा मुद्दा, औषध आता फुकट आहे. ते फुकट कसे झाले, हे विसरल्याशिवाय असे म्हणता येत नाही. २००० च्या सुमारास तीन औषधांच्या उपचाराला माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तोच उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावर मक्तेदारी दिली नव्हती, म्हणून हे शक्य झाले. त्याच सुमारास ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध खटला लावलेला होता. जगभर रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे तो त्यांना एप्रिल २००१ मध्ये मागे घ्यावा लागला. पण स्वस्त औषध आपल्या मुंबईच्या कंपनीने देऊ केले, तरी भारतातल्या गरिबाला सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळायला १ एप्रिल २००४ उजाडावे लागले. स्वस्त होणे आणि हातात पडणे यांच्यामध्ये तीन वर्षांचे अंतर होते, आणि त्या अंतरात माणसे मेली.

ते अंतर आजही पुरते मिटलेले नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभावाला मनाई केली हे मोलाचे आहे, पण उपचार पुरवण्याच्या कलमात ‘शक्य तितके’ अशा अर्थाची सवलत सरकारने स्वतःसाठी राखून ठेवली. त्याच वर्षी लहान मुलांचे लोपिनाविर सिरप मिळेनासे झाले. सरकारकडून पैसे थकल्यामुळे ते बनवणाऱ्या एकमेव कंपनीने उत्पादन थांबवले होते, आणि ती कंपनी पुन्हा सिप्लाच होती. गोळी गिळता न येणाऱ्या बाळांचे ते औषध. एचआयव्हीसह जगणाऱ्या शेकडो मुलांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, तेव्हा ही गोष्ट देशाला कळली. उद्याचे चित्रही फार निराळे नाही. वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविर हे इंजेक्शन एचआयव्हीची लागण रोखते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवरच्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरच्या वर होती. स्वस्त उत्पादनाचे परवाने १२० देशांपुरते दिले गेले. ब्राझील, मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना इथल्या लोकांनी चाचण्यांसाठी स्वतःचे शरीर दिले, पण त्यांचे देश यादीबाहेर राहिले. मोहीम कशासाठी, याचे हे उत्तर आहे.

तिसरा मुद्दा दयेचा, आणि तो महाराष्ट्राने मांडावा याचे मला विशेष वाईट वाटते. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या कोवळ्या वयाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिने दया मागितली नव्हती. जाब विचारला होता. दया पवारांचे ‘बलुतं’, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ ही आत्मकथने आली, तेव्हाही घरातले उघड्यावर कशाला, असे विचारणारे होतेच. आज त्या पुस्तकांशिवाय आपण आपल्या समाजाची ओळख सांगू शकत नाही. प्रथमपुरुषी दुःख लाजिरवाणे असते, हे मराठीने कधीच खोडून काढले आहे.

दया आणि जाब यांत फरक करते ती मागणी. २००० च्या जुलैमध्ये डरबनच्या जागतिक एड्स परिषदेत ११ वर्षांचा न्कोसी जॉन्सन बोलला. आपल्या आजाराबद्दल सांगून तो थांबला नाही. गरोदर आयांना सरकारने औषध द्यावे, हे त्याने स्पष्ट मागितले. १ जून २००१ रोजी तो गेला. त्याच परिषदेत न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन बोलले. आपण एचआयव्हीसह जगतो हे त्यांनी १९९९ मध्येच जाहीर केले होते. आपण जिवंत आहोत ते औषध विकत घेण्याची ऐपत आहे म्हणून, हे त्यांनी मांडले, आणि जगण्याचा हक्क पगारावर का ठरावा हा प्रश्न सगळ्या जगापुढे ठेवला. एक आजारी मुलगा, एक न्यायाधीश. दोघांचीही कीव करून मोकळे होण्याची सोय ऐकणाऱ्याला उरली नाही.

चौथा मुद्दा धोक्याचा. हा मात्र पूर्वपक्षातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि तो हलका करून दाखवणे अप्रामाणिक ठरेल. डिसेंबर १९९८ मध्ये डरबनजवळच्या क्वामाशू वस्तीत गुगू डलामिनी या तरुणीला जमावाने बेदम मारले आणि त्यात ती गेली. आपण पॉझिटिव्ह आहोत, हे तिने जाहीरपणे सांगितले होते. शब्दाची किंमत जीव असू शकते.

पण गप्प बसल्याने सुरक्षितता मिळते, हे कोणी सांगितले? गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने कुणालाच काही सांगितले नव्हते. त्याने रक्तदान केले होते, एवढेच. तपासणीत लागण आढळली आणि तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडले. त्याची गोष्ट त्याच्या आधी साऱ्या गावाने सांगून टाकली. पुढे त्याने ती आपल्या हातात घेतली, जाहीरपणे बोलला आणि १९९२ मध्ये अकाली जाण्यापूर्वी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. आपण सांगितले नाही तर आपली गोष्ट सांगितली जात नाही, असे नसते. ती कुजबुजीत सांगितली जाते, आणि कुजबुजीत दुरुस्तीला वाव नसतो.

शिवाय साक्ष आणि नाव या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक मजूर आला. कामाला धडधाकट असूनही एचआयव्हीमुळे त्याला काम नाकारले गेले होते. कोर्टाने त्याचे नाव झाकून ठेवू दिले. कागदोपत्री तो ‘एमएक्स’ एवढाच राहिला आणि खटला जिंकला. त्याची साक्ष देशाच्या कायद्यात कायमची राहिली, त्याचे नाव कुणाला कळले नाही. २०१७ च्या कायद्यानेही कोर्टात ओळख झाकण्याची तरतूद केली. वाट आहे, ती दाखवायची जबाबदारी कार्यक्रम भरवणाऱ्यांची आहे.

इतके खंडन झाल्यावर आता माझा पक्ष.

तरुणांच्या या कथनाला मी साक्ष म्हणतो. साक्षीदाराकडून आपण अश्रू मागत नाही. त्याने जे पाहिले, भोगले, ते मागतो. औषध बनले, पेटंट सुटले, निधी मंजूर झाला, ट्रक निघाला, या साखळीची शेवटची कडी म्हणजे एका माणसाच्या तळहातावरची गोळी. ती पडली की नाही हे तोच सांगू शकतो. नियमित औषधाने विषाणू तपासणीत सापडण्यापलीकडे दबला, की लैंगिक संबंधातूनही तो दुसऱ्याला लागत नाही, हे विज्ञानाने सांगितलेच आहे. पण भिंतीवरच्या फलकापेक्षा समोर उभ्या, नोकरी करणाऱ्या, संसार मांडलेल्या माणसाकडून ते ऐकले की मनातली भीती सुटते.

साक्ष मानली की तिचे नियम आले. साक्ष ज्याची त्याची असते: काय सांगायचे, किती, नावाने की नावाशिवाय, आणि कुठे थांबायचे, हे सांगणाराच ठरवेल. समजत्या वयाआधीच्या मुलांना छायाचित्रासाठी व्यासपीठावर आणणे मला मान्य नाही. तिथे पूर्वपक्षाशी माझे एकमत आहे. साक्षीला मागणी जोडलेली हवी. जिथे चेहरा हवा, कहाणी हवी, पण ‘आमच्या तालुक्यात व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी का होत नाही’ हा प्रश्न नको, त्या कार्यक्रमाला तरुणांनी खुशाल नकार द्यावा. आणि साक्षीचा भार एकट्यावर पडू नये. गुगू डलामिनी गेल्यानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या त्या स्वयंसेवकांनी टी-शर्ट काढले. छातीवर ठळक अक्षरांत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’. लागण असलेल्यांनी घातले, नसलेल्यांनीही घातले. २००२ मध्ये नेल्सन मंडेलांनीही घातला. दगड मारायला निघालेल्याला आता नेम धरायला एकटी मुलगी सापडत नव्हती.

काळजीपोटी पोरांना गप्प बसवू पाहणाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे: तुमची काळजी खरी असेल तर ती त्यांच्या तोंडावर हात ठेवण्यात खर्च करू नका. त्यांच्या शेजारी उभे राहण्यात खर्च करा. येत्या १ डिसेंबरला ती मुलगी बोलून खाली येईल, तेव्हा टाळ्या वाजवून जिना उतरू नका. तिला विचारा, ‘‘बाई, तुझ्या डबीत आज किती दिवसांच्या गोळ्या आहेत?’’ उत्तर कमी आले, तर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर एआरटी केंद्राच्या खिडकीशी जा आणि तोच प्रश्न तिथे विचारा.