प्रकाशक : लेखक स्वतः

पहिल्या कथासंग्रहाच्या वेळी प्रकाशकांनी सांगितले, "छपाईचा खर्च तुम्ही करा, पुस्तक आमच्या नावाने येईल." मी पैसे भरले. मुद्रिते मीच तपासली, मलपृष्ठावरचा मजकूरही मीच लिहिला. शंभर प्रती मला घ्याव्या लागल्या. उरलेल्यांचे काय झाले ते आजतागायत कळलेले नाही. तरीही पुस्तकावर संस्थेचे बोधचिन्ह आहे याचे मला समाधान वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा संग्रह मी स्वतःच काढतो आहे. "म्हणजे कोणी छापायला तयार झाले नाही वाटते!" अशी सहकाऱ्यांची प्रतिक्रिया आली. आम्हा प्राध्यापकांची ही दृष्टी समजण्यासारखी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने पुस्तकाचे गुणही प्रकाशक राष्ट्रीय आहे की आंतरराष्ट्रीय, यावर ठरवले. त्यामुळे पदरमोड करून दुसऱ्याचे नाव विकत घेणे प्रतिष्ठेचे ठरते आणि त्याच पैशात स्वतःचे नाव घालणे हौशीपणाचे! खर्च लेखकाचाच असेल तर निदान प्रतींचा हिशेब तरी त्याच्या हाती असावा. आयएसबीएन भारतात विनामूल्य मिळतो आणि तो व्यक्तीलाही मिळतो. मागणीनुसार छपाईच्या सोयीमुळे पाचशे प्रती पलंगाखाली रचून ठेवण्याचीही गरज उरलेली नाही.

मात्र स्वयंप्रकाशनाचे गोडवे गाणाऱ्यांशीही माझे जमत नाही. "मध्यस्थ गेला, लेखक मुक्त झाला" असे ते म्हणतात. वितरक आणि त्याचे कमिशन गेले तर दुःख नाही. पण त्या गर्दीत संपादकही जातो. 'मौजे'च्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हस्तलिखितांवर घेतलेली मेहनत मराठी वाचकाला ठाऊक आहे. लेखकाला नको असलेला प्रश्न विचारणारा माणूस पैसे भरून मिळत नाही, आणि वाचवलेल्या पैशातूनही मिळत नाही.

येथे १९७६ सालची मुंबई आठवते. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी 'क्लिअरिंग हाउस' ही सहकारी प्रकाशनसंस्था काढली आणि आपली इंग्रजी पुस्तके आपणच छापली. 'जेजुरी' त्यातलेच, पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. हेही स्वयंप्रकाशनच होते. फरक एवढाच, की तेथे 'स्वयं' एकटा नव्हता. कविता छापण्याआधी ती वाचणारे, तितक्याच ताकदीचे तीन कवी शेजारी होते. आपल्याकडच्या लेखक-प्रकाशकाला छापखाना सहज सापडतो, असे शेजारी सापडत नाहीत. आणि तो ते शोधतही नाही.

मी हस्तलिखित दोन मित्रांना दिले आहे. त्यांतल्या एकाने अकरांपैकी तीन कथा गाळायला सांगितल्या आहेत. दोन मी काढल्या. तिसरीवरून आमचे भांडण चालू आहे, आणि तोवर पुस्तक छपाईला जाणार नाही.