दंड भरला, घोडा सुटला. पण सुधारला का?

करी रोड स्थानकाच्या एका अंगाला महालक्ष्मीचे रेसकोर्स आहे आणि दुसऱ्या अंगाला परळचे, जुन्या मुंबईकरांच्या तोंडी असलेले ‘बैलघोडा हॉस्पिटल’. शर्यतीच्या घोड्याची चंदी, सराव आणि विश्रांती रोज ठरवून दिली जाते. त्याच परिसरातल्या गल्लीत वरातीसाठी उभ्या असलेल्या घोडीच्या वाट्याला जरीची झूल येते आणि तिच्या बरगड्या त्या झुलीखाली झाकल्या जातात. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि शहरातल्या घोड्यांचा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. गाड्या बंद झाल्या, तरी वरातीत आणि सहलीच्या ठिकाणी घोडा राबतोच आहे. म्हणून हाडे वर आलेला घोडा सापडला की मालकाला दंड करून विषय संपवण्याची पद्धत बदलायला हवी. असा घोडा पुन्हा कामाला लागण्याआधी त्याच्या शरीराची स्थिती ठरावीक मोजपट्टीवर तपासली गेली पाहिजे आणि ती कागदावर नोंदली गेली पाहिजे.

ही मागणी समजण्यासाठी खंगलेला घोडा भरून कसा येतो, ते पाहावे लागेल. कृश घोडा दिसला की हरभरे, गूळ, पोळ्या पुढे करणारे दयाळू हात मुंबईत कमी नाहीत, पण ही दया त्याच्या जिवावर उठू शकते. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि चाऱ्याचे खरे पचन मोठ्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर होते. एकदम धान्य पडले की पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आतला भाग सुजून घोडा उभाही राहू शकत नाही. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्यात धोका आणखी मोठा असतो. पिष्टमय खाद्याने इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरते आणि खायला मिळाल्यानंतर काही दिवसांतच घोडा दगावू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी उपासमार झालेल्या घोड्यांवर केलेल्या अभ्यासातून लसूणघासाचा उपाय पुढे आला. पहिले तीन दिवस दर चार तासांनी जेमतेम अर्धा किलो सुका लसूणघास द्यायचा आणि पुढे तो हळूहळू वाढवायचा. पोटभर चारा पचू लागल्यावरही वजन पूर्ववत व्हायला तीन ते पाच महिने लागतात. त्याआधी दात तपासावे लागतात, कारण दाढांना धारदार कडा आल्या असतील तर चारा नीट चावलाच जात नाही. जंतांचे औषधही अशक्त घोड्याला पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे लागते.

वजन वाढले म्हणजे घोडा कामाला तयार झाला, असेही नाही. उपासमारीत चरबीबरोबर पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायूही झिजलेले असतात आणि ते नुसत्या चंदीने परत येत नाहीत. आधी हातात धरून थोडे चालवणे, मग चाल वाढवणे, मग हलकी दुडकी आणि सर्वांत शेवटी पाठीवर ओझे, असा हा क्रम आहे. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायुबंध आणि हाडे ताण सोसण्याइतकी बळकट व्हायला महिने जातात. अंग भरू लागले की जुने खोगीर बसेनासे होते आणि पाठ सोलवटते, तेव्हा तेही बदलावे लागते. हा सारा काळ घोड्याने काही कमावायचे नसते आणि अडचण नेमकी इथेच येते. दंडाची पावती फाडून दुसऱ्या दिवशी घोडा परत मिळाला, तर मालक त्याला वरातीत उभा करणारच.

कायद्यात यावर तोड आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतका क्षुल्लक आहे, हे सर्वांना माहीत असते. त्याच कायद्याच्या कलम ३५ ची चर्चा मात्र क्वचित होते. जनावर नेहमीचे काम करण्यास तंदुरुस्त होईपर्यंत त्याला उपचारगृहात ठेवण्याचा आदेश दंडाधिकारी या कलमाखाली देऊ शकतो आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राविना ते तिथून सोडता येत नाही. मात्र तंदुरुस्ती कशावरून ठरवायची, हे कायदा सांगत नाही. हे अंतर भरून काढणारी मोजपट्टी १९८३ पासून जगभर वापरात आहे. अमेरिकेतील हेनेके यांच्या या पद्धतीत मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा ठिकाणी हाताने चाचपून एक ते नऊ गुण देतात. पाच गुणांच्या घोड्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. यासाठी यंत्र लागत नाही, वजनकाटाही नको, झूल तेवढी बाजूला करावी लागते. प्रमाणपत्रावर हे गुण आणि सोबत छायाचित्र सक्तीचे केले, तर तंदुरुस्तीचा दाखला कुणाच्या मर्जीवर राहणार नाही.

यावर पहिला आक्षेप पोटाचा असेल. महिनोन्‌महिने घोडा बसून राहिला तर हातावर पोट असलेल्या मालकाने जगायचे कसे? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण कलम ३५ नेच गरीब मालकाला उपचाराचा खर्च माफ करण्याची मुभा दिली आहे. ती सढळपणे वापरावी आणि घोडा बरा होईपर्यंत त्या कुटुंबाच्या रोजीरोटीचा भार शासनाने उचलावा. पाठ भरलेला निरोगी घोडा अधिक वर्षे काम देतो, म्हणजे यात मालकाचेही भलेच आहे. दुसरा आक्षेप असा, की काठेवाडी, मारवाडी घोडे मुळातच सडपातळ असतात. पण सडपातळ अंगाच्या निरोगी घोड्याची कंबर भरलेली लागते आणि खंगलेल्याच्या पाठीचा कणा धारेसारखा वर येतो. डोळ्यांना चकवणारा हा फरक हाताला लगेच कळतो. तिसरा आक्षेप सोयींचा आहे. शेकडो घोडे ठेवायला मुंबईत जागा नाही, हे खरे. पण जनावरांचे जुने रुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय याच परळने शहराला दिले. गुण देण्याचे प्रशिक्षण त्यांच्या आधाराने देता येईल आणि दीर्घ मुक्कामासाठी शहराबाहेरच्या पांजरपोळांशी करार करता येईल.

सुरुवात वरातीच्या घोड्यांपासून करावी. लग्नसराईपूर्वी प्रत्येक घोड्याची हाताने तपासणी व्हावी, चारपेक्षा कमी गुण असलेल्याला कामाची मनाई असावी आणि गुणांचा दाखला ग्राहकाला मागता यावा. लग्नघरानेही बँडवाल्याशी बोलताना हा दाखला मागायला हवा. वर्षानुवर्षे आपल्या आनंदाचे ओझे वाहणाऱ्या जनावराला आधी पोटभर चारा, मग पुरेसा वेळ आणि त्यानंतरच काम मिळावे, एवढे तर आपण त्याचे देणे लागतोच.